दोन बोटं उघडी खिडकी

वाचकांचे प्रश्न : प्रवास आणि प्रकृती

प्रश्न : मावशी, स. न. वि. वि.
आमच्या घरात सहा माणसं. मी, माझे मिस्टर, अकरा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, सासूबाई (६८) आणि सासरे (७६). सासऱ्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. ते एस. टी.त कंडक्टर होते. सारा जन्म घाटात गेला, पण बर्फ कधी बघितला नाही. दिवाळीत नातवाला सहज म्हणाले, ‘एकदा बर्फ पडताना बघायचाय रे.’ तेव्हापासून मुलाने ते धरून ठेवलंय. नाताळच्या सुट्टीत आम्हाला सहा दिवस मिळतात. यांनी हिमाचलात सिमला, जिभी, मनाली असा बेत आखला आहे. मला मात्र वाटतं की एकाच ठिकाणी, डोंगरातल्या लाकडी घरात राहावं, शेकोटीपाशी सगळ्यांनी बसावं. बर्फ नक्की मिळेल का? लाकडी घरात रात्री ऊब राहते का? बाबांना ती थंडी झेपेल का? मुलं कंटाळणार तर नाहीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते तुमच्या सासऱ्यांच्या एका वाक्यासाठी. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आधी तुमच्या मिस्टरांच्या बेताचं बघू. सिमल्याहून जिभीला जाणारा जवळचा रस्ता नारकंड्यावरून जलोडी जोत ओलांडून येतो. ‘जोत’ म्हणजे तिकडची खिंड. तिची उंची ३१२० मीटर, आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. डिसेंबरच्या मध्यानंतर ती बर्फाने कधीही बंद होते, आणि बंद झाली की सिमल्याहून मंडीकडून मोठा वळसा घालून यावं लागतं. सहा दिवसांत तीन गावं करायची म्हणजे तीन वेळा सामान बांधायचं, तीन वेळा गार पडलेल्या नव्या खोल्या तापवायच्या आणि उरलेला वेळ गाडीत काढायचा. शहात्तर वर्षांच्या माणसाला दर दोन दिवसांनी अनोळखी न्हाणीघरात रात्री चाचपडायला लावू नका. सिमला, मनाली दोन्ही सोडा. चंडीगडहून मंडी, पुढे औटच्या बोगद्याच्या अलीकडे उजवीकडे वळून लारजी, बंजार आणि मग जिभी. तिथेच पाच रात्री राहा. हा माझा सल्ला मी तुमच्या मिस्टरांपुढेही तसाच मांडला असता.

जाण्यायेण्याचे दिवस या सहात धरले आहेत का, तेवढं तपासा. नाताळाच्या सुमारास दिल्ली, पंजाब, हरियाणात दाट धुकं असतं आणि गाड्या तासन्‌तास रखडतात. रेल्वे आणि पुढची बस यांत पुरेसं अंतर ठेवा. एक रात्र चंडीगडला झोपून सकाळी निघालात तर सगळ्यात बरं.

आता बर्फ. पडताना नक्की दिसेल, असं मी तुम्हाला लिहून देणार नाही, आणि कोणी घरमालक देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हिमाचलात हिवाळ्यातला बर्फ आणि पाऊस आणतात ते पश्चिमी झंझावात, थेट भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणारे. ते कधी आठवड्यात दोन येतात, कधी पंधरा-पंधरा दिवस फिरकत नाहीत. नाताळात जिभीला कोरडी थंडी आणि लख्ख ऊन असण्याचीच शक्यता जास्त. पडणाऱ्या बर्फाचे खरे महिने जानेवारी आणि फेब्रुवारी. शाळेचं जमवता आलं तर २६ जानेवारीच्या आगेमागे रजा जोडून जा. ते शक्यच नसेल तर डिसेंबरात जा, पण घरातून निघतानाच बाबांना आणि विशेषतः मुलाला सांगून ठेवा की पडलेला बर्फ बघायला आपण जिभीच्या वर, शोजा गावाच्या बाजूला जाऊ, आणि पडताना दिसला तर तो वरचा लाभ. अकरा वर्षांचं पोर आजोबांना दिलेला शब्द फार गंभीरपणे घेतं. ढग नसले तर त्याने रडत बसू नये.

आता लाकडी घर. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण माणसं फोटो बघून घर ठरवतात आणि फोटोत थंडी दिसत नाही.

कुल्लू, बंजारकडच्या जुन्या घरांना ‘काठकुणी’ म्हणतात. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा. देवदाराचे वासे आणि घडवलेला दगड यांचे थर एकावर एक रचतात, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. कोपऱ्यात वासे एकमेकांत गुंतवतात. भिंत चांगली जाड, आत पोकळी, त्यात बारीक दगड भरलेले. खालच्या मजल्यावर गुरं, वर माणसं. गुरांच्या अंगाची ऊब तक्तपोशीतून वर येते. खिडक्या लहान, दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. ही सगळी रचना थंडीसाठी आणि भूकंपासाठी केलेली आहे. बंजारजवळ चैहणी गावात या पद्धतीचा एक उंच बुरूज उभा आहे. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात त्याचे वरचे मजले पडले असं गावातले लोक सांगतात, आणि जे उरलं आहे तेही मान मागे टाकून बघावं लागतं.

सध्या ‘केबिन’ किंवा ‘कॉटेज’ म्हणून जे भाड्याने मिळतं ते बहुतेक वेळा असं नसतं. खांबांवर उभं केलेलं पातळ फळ्यांचं घर, दरीच्या बाजूला पूर्ण भिंतभर काच आणि झोपायला वर माळा. दिसतं फार देखणं. पण काचेतून ऊब सगळी बाहेर जाते, फरशीखालून वारा वाहतो आणि गरम हवा माळ्यावर जाऊन बसते. माळ्यावर मुलं घामाघूम होतात आणि खाली आजी-आजोबा कुडकुडतात. शिवाय त्या माळ्याला जिना नसतो, शिडी असते. पाच वर्षांची मुलगी रात्री झोपेत उठली तर काय, याचा विचार करा. म्हणून घर ठरवताना फोनवर विचारा : भिंत कशाची आहे, खोली तळमजल्यावर आहे का, संडास खोलीला लागून आहे का, गाडी दारापर्यंत येते की पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तंदूर आहे का.

तंदूर म्हणजे आपल्या डोक्यात रोट्यांचा येतो तो नव्हे. हिमाचलात घर तापवायच्या पत्र्याच्या भट्टीला तंदूर म्हणतात. एका बाजूने लाकूड घालायचं, वर कायम किटली ठेवलेली, आणि मागून पत्र्याचं धुराडं छताबाहेर गेलेलं. हिवाळ्यात तिकडचं घर म्हणजे ती एक खोली. स्वयंपाक, जेवण, अभ्यास, लोकर विणणं, पाहुणे, सगळं तिथे. बाकीच्या खोल्या फक्त झोपायच्या. तुम्हीही तसंच करा. सगळं घर तापवायच्या मागे लागू नका. सहा माणसं एका खोलीत बसली की निम्मी ऊब तिथेच तयार होते.

आता मला जे सांगायचंच आहे ते. मी तीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, आणि तरी जे माझ्या हातून झालं ते लिहिते.

१९९८ चा जानेवारी. आम्ही उत्तरेकडच्या एका थंड हवेच्या गावी एका लॉजवर उतरलो होतो. मी, हे, सासूबाई आणि आमची सात वर्षांची मुलगी. रात्री वीज गेली. लॉजच्या मुलाने माणुसकीनेच लोखंडी घमेल्यात फुललेले कोळसे आणून खोलीत ठेवले. फटीतून वारा येत होता म्हणून मी स्वतः खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या आणि दाराखाली टॉवेल घातला. तासाभराने मुलीला उलटी झाली. मला वाटलं, गाडी लागली असेल. सासूबाई म्हणाल्या, डोकं फार दुखतंय. मला वाटलं, थंडीने. मग मी पाणी द्यायला उठले आणि माझेच पाय लटपटले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला : तीन माणसांना एकाच वेळी एकच दुखणं होत नाही. आम्ही दार उघडलं, मुलीला उचलून व्हरांड्यात आणलं, सासूबाईंना धरून आणलं. अर्ध्या तासाने मुलगी नीट बोलू लागली. त्या गारठ्यात आम्ही चौघं रजया गुंडाळून पहाटेपर्यंत बाहेर बसलो. मी तेव्हा रोज अतिदक्षता विभागात काम करत होते. आम्ही त्या रात्री झोपून गेलो असतो तर, हा विचार अजूनही माझ्या अंगावर काटा आणतो.

कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास आला नाही म्हणजे तो नाही, असं समजू नका. धूर न देणारा लालबुंद निखाराच तो जास्त सोडतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून बसतो, त्यामुळे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी, या क्रमाने तो येतो. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. आणखी एक गोष्ट, जी कोरोनानंतर प्रत्येकीला ठाऊक हवी : बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवं ठरतं. त्या यंत्राला ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि मोनॉक्साइड धरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही. ते ९८ दाखवेल आणि माणूस समोर बेशुद्ध होत असेल. आकड्यावर जाऊ नका, माणसाकडे बघा. एकाच खोलीतल्या दोघांना डोकेदुखी-मळमळ झाली की आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, दारं उघडायची आणि मग थेट दवाखाना.

म्हणून घमेलं, शेगडी, अंगीठी, धुराडं नसलेलं जळतं काहीही झोपायच्या खोलीत आणू द्यायचं नाही. कोणी प्रेमाने आणलं तरी हात जोडून परत पाठवायचं. तंदूर चालेल, कारण त्याला धुराडं आहे. पण ते नीट आहे का, हे दिवसाउजेडी बघा. सांधे सुटलेले नाहीत ना, पेटवल्यावर धूर खोलीत मागे येत नाही ना, लाकूड ओलं नाही ना. धुराड्याला झडप असेल तर आत निखारे असताना ती कधीही पूर्ण बंद करू नका. ‘सकाळपर्यंत ऊब टिकेल’ म्हणून लोक हेच करतात. झोपायच्या आधी तंदूर विझू द्या. आणि तो पेटलेला असेपर्यंत एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. गार वाटेल. वाटू दे. बॅटरीवर चालणारं कार्बन मोनॉक्साइडचं सूचक यंत्रही मिळतं, हाताच्या पंजात मावेल एवढं. ते घेऊन जा आणि उशाशी ठेवा. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर त्यालाही हेच लागू. दार लावून अंघोळ करायची असेल तर झरोका उघडाच हवा, नाहीतर गिझर चालू करून बादली भरा, तो बंद करा आणि मग आत जा.

विझलेल्या तंदुरानंतर रात्र काढायची कशी? तिकडच्या रजया इतक्या जड असतात की कूस बदलायला दोन्ही हात लागतात, त्या पुरतात. झोपायच्या अर्धा तास आधी गरम पाण्याच्या पिशव्या गादीत पायाशी ठेवा. पिशवीला टॉवेल गुंडाळा, विशेषतः बाबांना मधुमेह असेल तर, कारण पायाला चटका बसलेला त्यांना कळणार नाही. डोक्याला कानटोपी घालूनच झोपायचं. विजेच्या हीटरवर फार विसंबू नका. बर्फ पडला की तारा तुटतात आणि वीज जाते.

बाबांबद्दल. जिभीची उंची अशी आहे की विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. त्यांना त्रास देईल ती थंडी. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून निघण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा आणि नुसतं ‘सहलीला जातोय’ असं न म्हणता ‘शून्याच्या आसपासच्या तापमानात पाच रात्री’ असं स्पष्ट सांगा. ‘हो’ की ‘नाही’ ते त्यांचं, माझं नव्हे. त्यांनी परवानगी दिली तर गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. पहाटे गार हवेत एकदम बाहेर पडायचं नाही. दहा वाजता अंगणात ऊन आलं की जायचं. चढ चढताना गप्पा मारता येतील एवढाच वेग. थंडीत तहान लागत नाही, पण पाणी लागतं, म्हणून गरम पाण्याचा थर्मास त्यांच्या हाताशी ठेवा. रात्री लघवीला उठायला नको म्हणून वयस्कर माणसं संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, माझे मामंजीही असंच करायचे. डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं नसेल तर दिवसा भरपूर पाजा. संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा. छातीत जडपणा, डाव्या हातात कळ, घाम असं काही झालं तर ‘थंडीने झालं असेल’ म्हणत सकाळची वाट बघू नका. खाली बंजारला आणि गरज पडली तर पुढे कुल्लूला न्यायला गाडी रात्री कोण देईल, हे पहिल्या संध्याकाळीच घरमालकाला विचारून नंबर लिहून घ्या.

मुलांची काळजी सोडा. तंदुरात लाकूड घालायचं काम अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या देखत द्या, तो दिवसभर हलणार नाही. मुलीला सकाळी अंगणातल्या बादलीवर धरलेला बर्फाचा पापुद्रा उचलायला द्या. खोबरेल तेलाची बाटली तिकडे दगड होते, तीही तिला गंमत वाटेल. दुपारी चैहणीला चालत जाता येईल. खाली बागीला शृंगी ऋषींचं देऊळ आहे, तिथून वर चढ आहे. आजी-आजोबांना देवळापाशी उन्हात बसवा, बाकीचे वर जाऊन या.

एक सोय मात्र नक्की करा. बर्फ पडायचा असला की आदल्या दिवशी आभाळ भरून येतं, वारा पडतो आणि रात्र नेहमीपेक्षा किंचित उबदार लागते. मग पाऊस नाही, गारा नाही, आवाजच नाही. आम्ही पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा आम्ही उतरलो होतो त्या घरच्या चाचीजींनी येऊन दार वाजवलं होतं म्हणून कळलं, नाहीतर झोपेतच राहिलो असतो. तुम्ही घरमालकांना सांगून ठेवा : रात्री दोन वाजता पडला तरी उठवा, आमचे बाबा बघायला आले आहेत. त्यांना कपडे घालून, कानटोपी घालून, उघड्या दाराशी खुर्चीत बसवा. पाच मिनिटं पुरतात.

प्रश्न : आम्ही ठाण्याहून स्वतःची गाडी घेऊन हिमाचलात जाणार आहोत. मला घाटात चालवायची सवय आहे, माळशेज, वरंधा, आंबेनळी सगळे केलेत. बर्फात चालवायला काही वेगळं लागतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लागतं. आपल्या घाटांत धोका पावसाचा आणि धुक्याचा, तिकडे तो ‘पाल्या’चा, म्हणजे रस्त्यावर गोठलेल्या ओलीचा. रात्री रस्त्यावर ओल गोठते आणि काचेसारखा पातळ थर धरतो. काळ्या डांबरावर तो दिसतच नाही. बर्फाचा पांढरा ढीग दिसतो तरी, म्हणून माणूस जपून चालवतो. पाल्यावर मात्र बिनधास्त जातो आणि घसरतो. डोंगराच्या सावलीत असलेली वळणं आणि पूल सगळ्यात वाईट, कारण तिथे अकरा वाजेपर्यंत ऊन पोचत नाही. म्हणून सकाळी लवकर निघायची आपली सवय तिकडे सोडा. दहानंतर निघा आणि चारच्या आत मुक्कामी पोचा. उतारावर ब्रेक दाबण्याऐवजी खालच्या गिअरवर वेग आवरा. गाडी घसरू लागली तर ब्रेकवर पाय रोवू नका. पाय हलका करा आणि चाकं जायचं त्या दिशेला ठेवा.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठू शकतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल तर ते काढून गोठणरोधक द्रव भरून घ्या, ठाण्यातच. पुढच्या काचेवर बर्फ धरला की गरम पाणी ओतू नका, काच तडकते. आणि जिथून पुढे स्थानिक टॅक्सीवाले स्वतःची साखळी चाकांना बांधायला लागतात, तिथे तुमची गाडी थांबवा आणि त्यांच्या गाडीत बसा. ती मंडळी त्या रस्त्यावर लहानाची मोठी झालेली असतात.

प्रश्न : मागच्या जानेवारीत आम्ही आठ जण डोंगरातल्या एका लाकडी कॉटेजमध्ये राहिलो. दुसऱ्या दिवसापासून नळाला पाणी नाही, गिझर बंद, दोन दिवस वीज नाही. लाकडाचे वेगळे पैसे घेतले. परतावा मागितला तर मालक म्हणाले, ‘पहाड में ऐसा ही होता है.’ हे योग्य आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अर्धं योग्य आहे. शून्याखाली गेलं की उघड्यावरून आणलेली नळी गोठते. तो मालकाचा दोष नाही. तिकडचे लोक संध्याकाळीच पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवतात आणि नळ रात्रभर बारीक धारेने चालू ठेवतात, कारण वाहतं पाणी लवकर गोठत नाही. वीज जाणं हेही त्यांच्या हातात नाही.

पण आठ माणसांना जानेवारीत घर देताना हे आधी सांगणं त्यांचं कर्तव्य होतं. भरलेली पिंपं, तंदुरावर तापवलेलं पाणी आणि कंदील हे त्यांनी न मागता द्यायला हवं होतं. ‘असंच होतं’ हे उत्तर पाहुण्याला देण्याचं नव्हे. ‘असं होतं, म्हणून आम्ही हे करून ठेवलंय’ असं ते हवं. परतावा मागितलात ते बरोबर केलंत. पुढच्या वेळी ठरवतानाच हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

लाकडाच्या पैशांबद्दल मात्र मी मालकाच्या बाजूची आहे. ते लाकूड तिथल्या बायका शरद ऋतूत पाठीवर भारे वाहून आणतात, फोडून पडवीत रचतात आणि चार महिने पुरवतात. मी त्या चढावर रिकाम्या हातानेही दोनदा थांबते. एका संध्याकाळी आपण मजेसाठी जे जाळतो ते त्यांच्या घरच्या दोन-तीन दिवसांच्या स्वयंपाकाचं असतं. त्याचे पैसे आनंदाने द्या. किती लागतील, हे आधी विचारा, एवढंच.

प्रश्न : मावशी, आम्हीही यंदा जिभीला एका कुटुंबाच्या घरीच राहणार आहोत. खायला इथून काय न्यावं? आणि त्या घरच्या लोकांसाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जेवण त्यांच्याच हातचं जेवा. सिड्डू मागा. गव्हाचं पीठ आंबवून, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवतात आणि वर तुपाची धार सोडतात. बाहेर बर्फ असताना तो गरम सिड्डू खाल्लात की इथून नेलेला फराळ पिशवीतच राहील. तरी मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी मेतकूट न्या. भात, तूप, मेतकूट कुठेही होतं आणि पोट बिघडलं तरी चालतं. एवढ्या उंचीवर पाणी शंभर अंशांना नव्हे, सहा-सात अंश आधीच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ लवकर शिजत नाही. त्यांना कुकर मागा आणि दोन शिट्ट्या जास्त करा.

त्या लोकांसाठी सांगलीची हळद न्या. मनापासून सांगते, याहून चांगलं काही नाही. मी दरवर्षी अर्धा किलो हळद, शेंगदाण्याची सुकी चटणी आणि कोल्हापुरी गूळ नेते. जानेवारीत गेलात तर तिळाचे लाडूही न्या. संक्रांत तिकडेही असते, ‘साजा’ म्हणतात, आणि त्या दिवशी खिचडी-तूप करतात. चाचीजींना मी पहिल्या वर्षी तिळगूळ दिला तेव्हा ‘गोड बोला’चा अर्थ हिंदीत सांगितला. त्यांनी तो सुनेला त्यांच्या पहाडी बोलीत सांगितला आणि मग दोघी बराच वेळ काहीतरी बोलत हसत राहिल्या. मला अजून कळलेलं नाही काय ते.

चटणी स्टीलच्या डब्यात न्या आणि डबा तिथेच ठेवून या. निघायच्या दिवशी तो राजमा किंवा अक्रोड भरून तुमच्या पिशवीत आलेला असेल. नको म्हणू नका.